रिंगची गॅप बघितलीत का? जुन्या पद्मिनीचं इंजिन बांधताना

इंजिन उघडलंय. चार पिस्टन जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेत आणि गॅरेजमधून फोन येतो, ‘‘रिंगसेट आलाय, संध्याकाळपर्यंत बसवून टाकतो. रविवारी गाडी घेऊन जा.’’ तुम्ही खूश होता. साहजिकच आहे, आजोबांची पद्मिनी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली होती. पण ‘हो’ म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा, ‘‘काका, नव्या रिंगची गॅप बघितलीत का?’’

पलीकडून बहुतेकदा उत्तर येतं, ‘‘अहो, नवीन सेट आहे. कंपनीचा आहे. त्यात काय बघायचं?’’

बघायचं असतं. खूप काही बघायचं असतं. आणि त्याला लागणारं हत्यार एका पिझ्झाच्या पैशांत येतं.

आपण इथे प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ, कारण घराघरांत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये ती हमखास सापडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. तुमच्याकडे अ‍ॅम्बॅसेडर असेल किंवा जुनी जीप असेल, तरी पुढचं सगळं लागू आहे. फक्त आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

रिंगला तोंड उघडं का ठेवतात?

पिस्टन रिंग म्हणजे हातातल्या उघड्या कड्यासारखी गोष्ट. पूर्ण गोल नाही, एका जागी कापलेली. सिलिंडरमध्ये घातली की ती आपल्या ताणाने भिंतीला चिकटून बसते. जळणाऱ्या पेट्रोलचा दाब खाली सुटू द्यायचा नाही, तेल वर चढू द्यायचं नाही आणि पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे द्यायची, ही तिची कामं. ही कापलेली रिंग इंग्लंडमधले रेल्वे इंजिनीअर जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी आणली. त्याआधी पिस्टनभोवती तागाची दोरी गुंडाळायचे! तेव्हापासून कल्पना तीच आहे.

रिंग सिलिंडरमध्ये बसल्यावर तिच्या दोन टोकांमध्ये जी बारीक फट उरते, तीच गॅप. ती चुकून राहिलेली नसते, मुद्दाम ठेवलेली असते. लोखंड तापलं की वाढतं. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे रिंगचा परीघ साधारण २१३ मिलिमीटर. रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअसने जास्त तापली, तर बिडाची ही रिंग लांबीला सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते. आता विचार करा, थंड असताना गॅप ०.१० मिलिमीटरच असेल तर वाढलेली लांबी जाणार कुठे?

कुठेच नाही. दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बाहेरच्या बाजूला भिंतीवर रेटते, तेलाचा थर तुटतो आणि भिंतीवर उभे ओरखडे पडतात. कधी रिंग तुटते, कधी पिस्टनच्या खाचेची कडच फुटते. इंजिन गरम होऊन जाम झालं असं आपण म्हणतो, त्यातल्या काही प्रकरणांच्या मुळाशी ही फट असते.

उलट गॅप जास्त असेल तर? थोडा दाब खाली निसटतो, ऑइल जरा लवकर काळं होतं, ताकद किंचित कमी वाटते. गाडी चालते. म्हणून कमी गॅप हा जास्त गॅपपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे, असं माझं मत. शंका असेल तेव्हा सैल बाजूला झुका.

आकडा किती? जुन्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी सर्वसाधारण हिशोब असा, बोअरच्या दर १०० मिलिमीटरला ०.३० ते ०.४० मिलिमीटर. ६८ च्या बोअरला हे ०.२० ते ०.२७ येतं. वरची रिंग सगळ्यात जास्त तापते, तिला वरचा आकडा द्यायचा. मॅन्युअल किंवा रिंगच्या डब्यातला कागद वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐकायचं.

आधी खात्री, रिंगाच गेल्यात का?

हा भाग थोडक्यात. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, ऑइल खातंय, म्हणजे रिंगा गेल्या, असा निकाल पटकन लावला जातो. पण उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून नंतर दाबल्यावरच धुराचा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हच्या बाजूनेही ऑइल शिरत असू शकतं. इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर दोष रिंगा आणि बोअरकडे. तिथल्या तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पाच मिनिटांचं काम आहे, पण यावर ‘हाफ इंजिन’ की फक्त हेडचं काम, हे ठरतं.

गॅप मोजायची कशी

लागतं काय, तर फीलर गेज. जपानी पंख्यासारखी उघडणारी पोलादी पानं, प्रत्येकावर जाडीचा आकडा. सोबत एक बारीक कानस आणि कागद-पेन्सिल.

नवी रिंग हातात घ्या आणि पिस्टनवर न चढवता थेट सिलिंडरमध्ये सोडा. दोन बोटांनी हलकेच दाबून आत घालायची, तिरकी फाकवायची नाही. मग त्याच सिलिंडरचा रिंग नसलेला पिस्टन उलटा धरून तिला खाली ढकला. इथे पिस्टन लागतोच. बोटाने ढकललेली रिंग तिरपी बसते आणि तिरप्या रिंगची गॅप खोटी येते. पिस्टनच्या सपाट डोक्याने ढकलली की ती समतल बसते. डोकं सपाट नसेल तर पिस्टन सुलट धरून, सगळीकडे सारखी खोल जाते ना हे पाहा.

आता गॅपमध्ये फीलरची पानं एकेक घालून बघा. ०.२५ चं पान किंचित अडखळत सरकतंय आणि ०.३० चं जातच नाहीये, तर गॅप या दोनच्या मधे. पान जोर लावून कोंबू नका, रिंग फाकते आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.

बोअर नुकताच करून आणला असेल तर वरून साधारण इंचभर खाली मोजलं तरी पुरतं, कारण भिंत वरपासून खालपर्यंत सारखी असते. बोअर जुनाच ठेवून फक्त रिंगा बदलत असाल तर मात्र गोष्ट वेगळी. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात, जिथे पहिली रिंग वळते, तिथे उष्णता आणि दाब सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी. म्हणून झीजही तिथेच जास्त. खालचा भाग जवळपास मूळ मापाचा राहतो. म्हणजे वर मोजून ‘गॅप छान आहे’ म्हणालात आणि पिस्टन खाली गेला, की अरुंद जागेत तीच गॅप लहान होते. जुन्या बोअरमध्ये किमान गॅप खालीच मोजायची, रिंग जिथपर्यंत जाते त्या शेवटच्या टप्प्यात.

रिंगच सांगते बोअरची कुंडली

मला या सगळ्या प्रकारात सर्वात आवडणारा भाग हा आहे. शाळेत पाठ केलेला पाय, म्हणजे ३.१४, इथे चक्क कामाला येतो.

वर्तुळाचा व्यास जेवढा वाढतो, त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो. रिंगची लांबी तर तीच आहे. मग बोअर मोठा झाला की वाढलेला सगळा परीघ गॅपमध्ये दिसतो. म्हणजे व्यासात फक्त ०.१० मिलिमीटर झीज झाली तर गॅप ०.३१ मिलिमीटरने वाढते. डोळ्यांना न दिसणारी झीज रिंग तिप्पट मोठी करून दाखवते.

म्हणून एकच रिंग तीन ठिकाणी मोजा, वर, मधे आणि खाली. समजा खाली ०.२५ आली आणि वर ०.५६. फरक ०.३१. भागिले ३.१४, म्हणजे बोअर वरच्या बाजूला ०.१० मिलिमीटर जास्त झिजलाय. इतका फरक दिसला की ‘नुसत्या रिंगा टाकू’ हा बेत बाजूला ठेवून बोअर करण्याबद्दल गंभीरपणे बोलायचं. फरक ०.०६ आला, तर झीज ०.०२ च्या आसपास, काळजी नको.

बोअरवाल्याकडचा डायल गेज यापेक्षा नेमकं सांगतो, हे खरं. पण हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता आणि कोणी ‘बोअर करावाच लागेल’ किंवा ‘काही गरज नाही’ असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यालाही दाखवू शकता.

अजून एक गंमत. ऑइल चेंबर खाली उतरवलेलं असेल तर रिंग बोअरमध्ये असतानाच खालून मोबाइलचा टॉर्च लावा आणि वरून बघा. रिंग आणि भिंत यांच्यामधून कुठे उजेडाची कोर दिसली, तर तिथे रिंग टेकत नाहीये. बोअर अंडाकृती झाला असेल तर हे हमखास दिसतं. घरातल्या मुलांना हे काम द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

आणि हो, बोअरच्या वरच्या काठावरून नख फिरवून बघा. रिंग जिथपर्यंत पोहोचत नाही तिथे भिंत झिजत नाही, त्यामुळे एक बारीक पायरी तयार होते. जुनी रिंग या पायरीच्या खाली वळायला सरावलेली असते. नव्या रिंगची धार कोरी असते. ती पायरीला आदळते आणि तुटते. नख अडकत असेल तर ती पायरी काढल्याशिवाय नव्या रिंगा घालू देऊ नका.

गॅप कमी आली तर

कानस पक्कडीत स्थिर बसवा आणि रिंगचं टोक तिच्यावर सरकवा, कानस रिंगवर नाही. दोनपैकी एकच टोक घासायचं. दिशा एकच, रिंगच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे. उलट घासलं तर बाहेरच्या कडेची धार किंवा तिच्यावरचा क्रोमचा थर उडतो आणि भिंतीला टेकणारी बाजू तीच असते. दोन-चार हात मारले की परत बोअरमध्ये घालून मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. शेवटी टोकावर राहिलेला कंगोरा हलकेच साफ करायचा.

ज्या सिलिंडरमध्ये मोजली, त्याच सिलिंडरची ती रिंग झाली. यासाठी लग्नातली आहेराची जुनी पाकिटं उत्तम. १, २, ३, ४ आकडे घाला, वरची आणि मधली असं लिहा, गॅप लिहा आणि रिंग आत ठेवा.

तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगचा नियम वेगळा आहे. तिच्या दोन पातळ पट्ट्यांची गॅप वरच्या रिंगांपेक्षा बरीच जास्त चालते. पण मधल्या नागमोडी स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, फक्त भिडायला हवीत. नाहीतर नवं इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं.

खाचेतली बसण

गॅप झाली की बहुतेक लोक थांबतात. रिंग पिस्टनच्या खाचेत कशी बसते, हे राहून जातं. जुना पिस्टन परत वापरत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. खाचेतला काजळीचा थर आधी काढा. तुटलेल्या जुन्या रिंगचा तुकडा यासाठी वापरतात, पण अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, खाच कोरली जाऊ नये. मग रिंगची बाहेरची कड खाचेत ठेवून रिंग पिस्टनभोवती गोल फिरवा. ती कुठेही न अडकता फिरली पाहिजे. रिंग आणि खाचेची भिंत यांच्यामधे फीलर घाला. साधारण ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर असेल तर ठीक. ०.१५ चं पान आरामात जात असेल तर खाच रुंद झालीय. त्यात रिंग वरखाली आपटत राहते आणि ऑइल वर पंप करते. मग रिंग कितीही महागडी असू दे, उपयोग नाही.

हे एवढं कशासाठी?

कारण ब्लॉक पुन्हा मिळत नाही. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास संपलं. बिडाच्या ब्लॉकला प्रत्येक बोअरमध्ये थोडी भिंत गमवावी लागते आणि ओव्हरसाइज पिस्टनची मापं मोजकीच असतात. शेवटच्या मापावर पोहोचलेल्या सिलिंडरला एक ओरखडा पडला, की उरतो तो स्लीव्ह घालायचा खर्चिक मार्ग. नाहीतर ‘दुसरं कुठलं तरी इंजिन टाकू’ हा सल्ला. आपल्याकडे असे सल्ले फार सहज दिले जातात.

तो सल्ला मानण्याआधी हे लक्षात घ्या, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडतायत. आजोबांच्या गाडीचं मूळ इंजिन टिकवणं हा आता फक्त भावनेचा प्रश्न उरलेला नाही. तुमची गाडी त्यात बसते का, हे आपल्या आरटीओत विचारून घ्या.

बोअर करायचाच ठरला तर क्रम लक्षात ठेवा. आधी पिस्टन विकत घ्यायचे, ते हातात घेऊन बोअरवाल्याकडे जायचं आणि त्यांच्या प्रत्यक्ष मापावर बोअर करून घ्यायचा. डब्यावरच्या आकड्यावर नाही. जुन्या दुकानांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या मालात डबा एका मापाचा आणि आतली वस्तू दुसऱ्याच मापाची, हे घडू शकतं. मग रिंगा त्या नव्या बोअरमध्ये घालून, वर सांगितल्याप्रमाणे, मोजायच्या.

शेवटचा हात

होनिंग झालेल्या बोअरवर तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांच्यात तेल धरून राहतं आणि नवी रिंग भिंतीशी जुळून येते. पण याच रेघांत होनिंगच्या दगडाची पूडही अडकते. नुसत्या पेट्रोलने किंवा रॉकेलने ती पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. भांडी घासतो तसं घासायचं. पांढरं फडकं फिरवून करडं होईना, तोपर्यंत. पुसून लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवा, नाहीतर मुंबई-गोव्याच्या दमट हवेत बघता बघता गंज चढतो.

रिंगा चढवताना आधी ऑइल रिंग, मग मधली, शेवटी वरची. ‘टॉप’ लिहिलेली बाजू आकाशाकडे. रिंग स्क्रूसारखी फिरवत चढवणारे हात तुम्ही गॅरेजमध्ये पाहिले असतील. सवयीच्या माणसाला जमतं, पण रिंग पिळवटली जाण्याचा धोका असतोच. रिंग फाकवायचा चिमटा स्वस्त मिळतो, तो वापरायला सांगा. सगळ्या रिंगांच्या गॅप एका रेषेत येऊ देऊ नका, एकमेकींपासून दूर ठेवा, नाहीतर दाबाला सरळ रस्ताच मिळतो. मग रिंगांवर भरपूर ऑइल, रिंग कॉम्प्रेसर आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. पिस्टन मधेच अडला तर जोर लावायचा नाही. एखादी रिंग खाचेबाहेर आलेली असते. बाहेर काढा, पुन्हा बसवा.

इंजिन सुरू झाल्यावर तासभर नुसतं आयडलवर ठेवू नका. नवी रिंग भिंतीशी जुळायला तिच्यामागे दाब लागतो आणि तो गाडी रस्त्यावर चालवल्यावरच मिळतो. पहिले काही शे किलोमीटर कमी-जास्त वेगाने चालवा, एकाच वेगाने लांब हायवे नको, पूर्ण दाबून पळवणंही नको. ५०० किलोमीटरच्या आसपास पहिलं ऑइल बदला आणि ते पांढऱ्या भांड्यात काढा. तळाशी बारीक चमचम दिसेल, नव्या रिंगा बसतायत त्याची. मोठे कण किंवा तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. आणि ती चार पाकिटं फेकू नका, गॅपचे आकडे गाडीच्या फायलीत आरसी बुकच्या मागे लावून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला, मग तो कोणीही असो, पहिली विचारणा त्यांचीच करावी लागेल.